टेकडीवरचा किडा ‘नवा’ कधी ठरतो?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. विचारणारी पुण्यात एमएस्सी करते आहे. जुलैमध्ये वेताळ टेकडी चढताना तिला पायवाटेवर एक केसाळ, बिनपंखी, लाल-काळा किडा लगबगीनं धावताना दिसला. मुंगीसारखा, पण मुंगी नव्हे. तिनं तो पकडून सॅनिटायझरच्या छोट्या बाटलीत टाकला. फोनमधल्या ॲपनं त्याला ‘म्युटिलिडी’ कुळापर्यंत आणून सोडलं. लायब्ररीतल्या जुन्या ग्रंथातली ‘की’ (एकेक गुण तपासत नावापर्यंत नेणारा तक्ता) लावून पाहिली, तर तो कुठेच बसेना. आता तिला तीन गोष्टी हव्या आहेत. ही नवी जाती आहे का, की नवी जीनस (जवळच्या जातींचा गट) आहे? जाहीर करायची रीत काय? आणि नाव तिला ठेवता येईल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं, म्हणून ते आधी. हो, ठेवता येईल. पीएचडी लागत नाही, प्राध्यापक असावं लागत नाही, कुठल्या समितीची मंजुरी लागत नाही. प्राण्यांच्या नावांची जी आंतरराष्ट्रीय संहिता आहे, ती नाव कसं प्रसिद्ध झालं ते पाहते, कोणी केलं ते नाही. या उदारपणामुळे आमचा, म्हणजे कीटकांचं वर्गीकरण करणाऱ्यांचा, निम्मा वेळ इतरांनी घातलेले घोळ निस्तरण्यात जातो, ते वेगळं.

अजून एक गोष्ट तातडीची आहे. सॅनिटायझरमधून तो किडा आजच बाहेर काढा. त्यातली जेल केसांवर चिकटून बसते आणि म्युटिलिडीत केसांचे पट्टे नि ठिपके हीच अर्धी ओळख असते. केमिस्टकडे मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दोन-तीनदा खळबळून घ्या. डीएनए काढायचा असेल तर ९५ टक्क्यांच्या वरचं इथेनॉल हवं. ते बाहेर सहज मिळत नाही, एक्साइजचा मामला आहे, त्यामुळे कॉलेजच्या लॅबकडूनच घ्यावं लागेल. आणि पुढच्या वेळी बोटांनी उचलू नका. ही मुंगी नाही, गांधीलमाशीची नातेवाईक आहे. मादीला पंख नसतात, पण नांगी असते आणि डंख चांगलाच जबर असतो.

शब्दांचा एक घोटाळाही इथेच मिटवतो. आमच्या पिढीच्या पाठ्यपुस्तकांत ‘जाती’ म्हणजे स्पीशीज आणि ‘प्रजाती’ म्हणजे जीनस असं होतं. वर्तमानपत्रं सर्रास ‘नवी प्रजाती सापडली’ असं स्पीशीजबद्दल लिहितात. वाचणाऱ्याला काय सापडलं तेच कळत नाही. मी स्पीशीजला जाती म्हणतो आणि जीनसला जीनसच म्हणतो, प्रयोगशाळेत सगळे तसंच म्हणतात.

आता मूळ मुद्दा. ‘कीमध्ये बसत नाही’ हा नवेपणाचा पुरावा नाही. तो बहुतेक वेळा कीबद्दलचा पुरावा असतो. तुम्ही पाहिलेला ग्रंथ बहुधा बिंगहॅमचा, ब्रिटिश इंडियाच्या प्राणिसंपदेच्या मालिकेतला गांधीलमाश्या आणि मधमाश्यांचा खंड. तो १८९७ चा आहे. बिंगहॅमनं आपल्याकडच्या बहुतेक म्युटिलिडी ‘म्युटिला’ या एकाच जीनसमध्ये घातल्या होत्या. त्यानंतर त्या एका पोत्यातून कितीतरी जीनस वेगळ्या काढल्या गेल्या, आणि २००५ साली रशियाच्या अर्काडी लेलेय यांनी दक्षिण आणि आग्नेय आशियाच्या पट्ट्यातल्या साऱ्या म्युटिलिडींची सूची छापली. बिंगहॅम टाकाऊ नाही, त्याची वर्णनं मी अजूनही वाचतो. पण त्याच्या कीवर थांबणं म्हणजे जुन्या सातबाऱ्यावर आजची जमीन मोजणं. मधले फेरफार बघायलाच हवेत.

दुसरी अडचण नर-मादीची. म्युटिलिडीत मादी बिनपंखी, जमिनीवर धावणारी. नर पंखवाला, अनेकदा मोठा आणि रंगानंही वेगळा. दोघांना शेजारी ठेवलं तर शहाणा माणूसही त्यांना एका जातीत घालणार नाही. जगभरात या कुळातल्या चार हजारांवर जाती नोंदल्या आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ फक्त नरावरून किंवा फक्त मादीवरून ओळखल्या जातात. म्हणजे कितीतरी ठिकाणी एकाच प्राण्याच्या नवऱ्याला एक नाव आणि बायकोला दुसरं नाव पडलेलं असणार, एवढंच की दोन्ही नावांची गाठ अजून कुणी घालून दिलेली नाही.

यात मी स्वतः तोंडावर आपटलो आहे, म्हणून अधिकारानं बोलतो. पिवळ्या ताटल्यांच्या सापळ्यात मला एक नर मिळाला होता. (पिवळ्या प्लॅस्टिकच्या ताटल्या, त्यात पाणी आणि दोन थेंब भांड्यांचा साबण. पिवळ्या रंगाकडे बारीक गांधीलमाश्या खेचल्या जातात. याहून स्वस्त सापळा नाही.) कुठल्याच वर्णनाशी जुळेना. मी आठ महिने खपून चित्रं काढली, मोजमापं घेतली, नाव ठरवलं, पेपर पाठवला. तो परीक्षकांकडे असतानाच, सप्टेंबरच्या एका दुपारी, त्याच टेकडीच्या उतारावर गवतात तोच नर एका मादीबरोबर जुगताना दिसला. दोघांना एकाच बाटलीत घेतलं. मादी लगेच ओळखू आली, कारण तिला एकोणिसाव्या शतकातच नाव मिळालेलं होतं आणि ती माझ्याच पेटीत चार वर्षं पिनेवर बसलेली होती. पेपर मागे घेतला. नंतर ‘अमुक जातीच्या नराचं पहिलं वर्णन’ असा दोन पानी लेख छापला. त्याची बातमी कुठेच आली नाही, पण माझ्या मते तो माझा बऱ्यापैकी उपयोगी लेख आहे.

माझ्याहून मोठ्या माणसांचंही असं झालेलं आहे, आणि तेही पुण्याच्याच मालावर. रॉबर्ट रॉटन नावाचा मुंबई इलाख्यातला जंगल अधिकारी मुंग्यांचा नादी होता. पुण्यात जमवलेल्या मुंग्या तो स्वित्झर्लंडला ऑगस्ट फोरेलकडे पाठवायचा. फोरेल हा व्यवसायानं मनोविकारतज्ज्ञ, झुरिकच्या मोठ्या मनोरुग्णालयाचा प्रमुख, आणि उरलेल्या वेळात मुंग्यांचा जगातला पहिल्या फळीतला जाणकार. पुढे स्वित्झर्लंडच्या हजार फ्रँकच्या नोटेवर त्याचं चित्र आलं. तर पुण्याच्या एका चिमुकल्या मुंगीचे नमुने त्याच्यापुढे आले. त्यांत बिनपंखी, कामकरी मुंगीसारखे दिसणारे नर होते. मुंग्यांचे नर म्हणजे पंखवाले, हा तेव्हाचा सर्वसाधारण समज. फोरेलनं १८९० साली या मुंगीसाठी नवी जीनस काढली. इटालियन मित्र कार्लो एमेरीच्या नावावरून ‘एमेरिया’, आणि जातीचं नाव रॉटनवरून ‘रॉटनिआय’.

एमेरिया टिकली नाही. ती मुंगी ‘कार्डिओकॉन्डिला’ या आधीच्या जीनसमधलीच निघाली. त्या जीनसच्या अनेक जातींत दोन तऱ्हांचे नर असतात. पंखवाले उडून जातात, बिनपंखी घरातच राहून एकमेकांशी जिवावर उठून भांडतात. फोरेलला जे जीनसएवढं मोठं वेगळेपण वाटलं, ते एकाच घरातल्या दोन भावांमधलं होतं. आणि गंमत पाहा, कार्डिओकॉन्डिला ही जीनस १८६९ साली केली होती ती खुद्द एमेरीनंच. एमेरीच्या सन्मानाची जीनस एमेरीच्याच जीनसमध्ये विरघळली.

‘रॉटनिआय’ हे जातीचं नाव मात्र टिकलं, आणि पुढची गोष्ट नवेपणाच्या प्रश्नाला जास्त लागू आहे. ही मुंगी कुंड्या-रोपांबरोबर जगभर पसरली, आणि वेगवेगळ्या देशांतल्या प्रयोगशाळांनी ‘रॉटनिआय’ म्हणून तिच्या नरांच्या भांडणांवर लेख लिहिले. २००३ साली या गटाची नीट फेरतपासणी झाली तेव्हा दिसलं की त्यातला बराच माल ‘ऑब्स्क्युरिअर’ या शेजारच्या जातीचा आहे. रॉटनिआय म्हणजे नक्की कोण, याचा निवाडा कशावर झाला? वर्णनावर नाही. १८९० चं वर्णन दोघींनाही लागू पडलं असतं. निवाडा होतो जुन्या टाइप नमुन्यांवर, म्हणजे ज्यांच्यावरून नाव दिलं त्या मूळ नमुन्यांवर, पुण्याहून गेलेल्या त्या पिनांवर. फोरेलचा संग्रह आज जिनिव्हाच्या संग्रहालयात आहे.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो की नाव कल्पनेला चिकटत नाही, वर्णनालाही चिकटत नाही. नाव एका पिनेला चिकटतं. तुमचा किडा नवा आहे असं म्हणायचं असेल तर आधी इतरांच्या पिना पाहाव्या लागतात.

ते कसं करायचं? पहिल्यांदा जीनस पक्की करा. लेलेय यांच्या सूचीवरून त्या जीनसमधल्या भारत, श्रीलंका, पाकिस्तान, म्यानमार इथल्या सगळ्या जातींची यादी काढा. म्यानमार विसरू नका, ब्रिटिश काळात तो याच मालिकांमध्ये होता. प्रत्येक नावामागचं मूळ वर्णन मिळवा. मूळ म्हणजे मूळ, कोणीतरी नंतर सारांश केलेलं नाही. बरीचशी जुनी नियतकालिकं आता जैवविविधतेच्या डिजिटल ग्रंथालयात फुकट मिळतात. आमच्या वेळी झेरॉक्ससाठी पुणे-मुंबई फेऱ्या व्हायच्या. फ्रेंच, जर्मन, लॅटिन वाचावं लागेल. पन्नास शब्दांत त्याचं काम भागतं: डोकं, पोट, रोमश, तांबूस, खाचदार. मग यादीतल्या जवळच्या चार-पाच जातींचे टाइप कुठे आहेत ते शोधा. लंडन, कोलकाता, ऑक्सफर्ड, व्हिएन्ना. पत्र लिहून फोटो मागा. कुठून डोकं-पाठ-बाजू असे स्वच्छ फोटो आठवड्यात येतात, कुठून वर्षभर उत्तर येत नाही. वाट पाहा. इथे घाई करणाऱ्यांनीच समानार्थी नावांचा ढीग रचला आहे.

दरम्यान परत टेकडीवर जा. एका नमुन्यावर नवी जाती करू नये असं संहिता म्हणत नाही, पण मी म्हणतो. एकुलत्या एका मादीवरून तुम्हाला काय दिसणार? तो पट्टा तुटक आहे तो जातीमुळे की या एकीचे केस झडल्यामुळे? डोकं रुंद आहे ते सगळ्यांचंच, की ही मोठ्या यजमानावर वाढली म्हणून? म्युटिलिडीची अळी दुसऱ्या माश्या-मधमाश्यांच्या घरट्यात त्यांच्या कोषावर वाढते. यजमान मोठा तर ती मोठी, लहान तर लहान. एकाच जातीत दुपटीचा फरक पडतो. दहा-बारा नमुने असले तर कुठला गुण डळमळतो आणि कुठला ठाम आहे ते कळतं. ऋतूचाही खेळ असतो. आपल्या बागेतलं संध्याकाळी उडणारं तपकिरी फुलपाखरू, मेलानिटिस लेडा, पावसाळ्यात पंखाखाली डोळ्यांचे ठिपके घेऊन हिंडतं आणि उन्हाळ्यात वाळक्या पानासारखं दिसतं. एकेकाळी त्या दोन रूपांना दोन वेगळी नावं होती.

जिथे मादी मिळाली त्या जागेभोवती जमिनीत भोकं करून राहणाऱ्या मधमाश्या आहेत का ते बघून लिहून ठेवा. नरासाठी तंबूसारखा मलेझ सापळा लावता आला तर उत्तम, काही जातींचे नर रात्री दिव्यावरही येतात. आणि परवानगी. टेकडीचा बराच भाग वनखात्याकडे आहे, ताम्हिणी-भीमाशंकरकडे गेलात तर अभयारण्यं आहेत. ‘किडाच तर आहे’ हा युक्तिवाद फॉरेस्ट गार्डपुढे चालत नाही आणि चालू नये. कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज करा. परवानगीचा क्रमांक पुढे पेपरातही लागतो.

लेबल. यावर मी कंटाळा येईपर्यंत बोलू शकतो. जुन्या संग्रहांत नुसतं ‘पूना’ लिहिलेल्या हजारो पिना आहेत. ‘पूना’ म्हणजे कॅन्टोन्मेंट, की खंडाळ्यापर्यंतचा जिल्हा? घाटमाथ्यावर वर्षाला कित्येक मीटर पाऊस, पुणे शहरात सातशे-साडेसातशे मिलिमीटर. दोन्हीकडचे किडे एक कसे असतील? तुमच्या लेबलवर राज्य, जिल्हा, नेमकी जागा, अक्षांश-रेखांश, उंची (वेताळचा माथा साधारण ८०० मीटर), तारीख, पद्धत आणि गोळा करणाऱ्याचं नाव हवं. अल्कोहोलमधल्या नमुन्याचं लेबल पेन्सिलीनं लिहून बाटलीच्या आत टाकायचं. बॉलपेनची शाई उतरते. बाहेर चिकटवलेली पट्टी पहिल्याच पावसाळ्यात पडते. महिना रोमन आकड्यांत लिहितात, म्हणजे ७-८ हा सातवा महिना की आठवा असा वाद होत नाही.

डीएनएबद्दल विचारलेलं नाही, पण विचारणारच. बारकोड म्हणजे माइटोकॉन्ड्रियातल्या एका जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा. तुमच्या कामात त्याचा सर्वात चांगला उपयोग नर आणि मादीची गाठ घालायला होईल. दोघांचा तुकडा जुळला तर माझ्यासारखी सप्टेंबरच्या दुपारची वाट पाहावी लागणार नाही. पण ‘दोन टक्के फरक आला म्हणजे नवी जाती’ हे सूत्र मला मान्य नाही. वोल्बाकिया नावाचा जिवाणू कीटकांच्या पेशीत राहतो आणि आईकडूनच पुढे जातो. त्याच्या ओढीनं माइटोकॉन्ड्रियाचा एखादा प्रकार पूर्ण जातीत, कधी शेजारच्या जातीतही पसरतो. मग दोन जाती एक दिसतात किंवा एकीच्या दोन. शिवाय म्युटिलिडीच्या जुन्या टाइपांचे तुकडे डेटाबेसमध्ये नाहीत. ‘कशाशीच जुळत नाही’ याचा अर्थ तिथेही ‘कुणी टाकलेलंच नाही’ असाच असतो. २०२१ मध्ये कोस्टा रिकातल्या परोपजीवी गांधीलमाश्यांच्या ४०३ नव्या जाती एकाच पेपरात, मुख्यतः बारकोड आणि फोटोंवर, जाहीर झाल्या. करणाऱ्यांचं म्हणणं होतं की जंगलं संपत चालली आहेत, या वेगानंच जावं लागेल. त्यांची कळकळ मला कळते. पण ज्याच्याकडे सिक्वेन्सिंगचे पैसे नाहीत, त्याला हातातली माशी त्या ४०३ पैकी कुठली हे कधीच कळणार नाही. आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांची हीच स्थिती आहे.

फक्त फोटोवरून नवी जाती करता येते का, असंही हल्ली विचारतात. २०१५ साली दक्षिण आफ्रिकेतल्या एका माशीची, मार्लेयिमायिया झायलोकोपीची, झाली. नमुना हाती लागला नाही, फोटोच होते. त्यावर जगभर खडाजंगी झाली. संहितेच्या शब्दांत बसवता येतं, एवढंच त्याच्या बाजूनं म्हणता येईल. तुम्ही करू नका.

समजा हे सगळं केलं आणि तरी किडा नवाच राहिला. मग लिहायचं. नमुन्यांतला एक, शक्यतो सर्वांत धड, होलोटाइप, म्हणजे नाव ज्याला चिकटतं तो नमुना. बाकीचे पॅराटाइप, त्याच्या जोडीचे. १९९९ नंतरच्या नावांना तीन गोष्टी सक्तीच्या आहेत: हे नाव नवं आहे असं स्पष्ट लिहिणं, होलोटाइप ठरवणं, आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला आहे किंवा ठेवणार आहे ते सांगणं. भारतात त्याखेरीज जैवविविधता कायदा, २००२ आहे. त्याच्या कलम ३९ प्रमाणे नवी जाती सापडली तर ती ठरलेल्या भांडारांना कळवून नमुने तिथे जमा करावे लागतात. प्राण्यांसाठी ते भांडार म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण, मुख्यालय कोलकात्याला. पुणेकरांचं नशीब असं की त्यांचं पश्चिम विभागीय केंद्र आकुर्डीलाच आहे. लोकल पकडून होलोटाइप पोचवता येतो. आधी बोलून ठेवा, नोंदणी क्रमांक घ्या, तो पेपरात छापा. होलोटाइप स्वतःच्या घरी ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. घरात वाळवी असते, झुरळं असतात, नातवंडं असतात.

वर्णन लांबलचक आणि निदान आखूड असावं. निदान म्हणजे ही जाती जवळच्या अमुक आणि तमुकपासून कशी ओळखायची, ते दोन-चार वाक्यांत. विद्यार्थी नेमकं उलट करतात. प्रत्येक केसाचं वर्णन पाच पानं आणि निदानात ‘वरील गुणांच्या एकत्रित समूहावरून वेगळी’. असं वाक्य दिसलं की मी पेपर परत पाठवतो. नर मिळाला तर पोटाच्या टोकाचे जननांग काढा, दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवून मांसल भाग निघून गेला की चित्र काढा. बाहेरून जुळ्यासारख्या दिसणाऱ्या जाती इथे चटकन वेगळ्या होतात. शेवटी सुधारलेली की द्या. की दिली नाहीत तर तुमच्यानंतर टेकडी चढणारी मुलगी तुमच्याइतकीच अडकेल.

नाव ठेवण्याची हौस समजते. वेताळ टेकडीवरून ठेवायचं असेल तर ‘वेताला’ हे नाम म्हणून तसंच ठेवता येईल, ते कुठल्याही जीनसमध्ये बदलत नाही. पुण्यावरून ‘पुनेन्सिस’ ठेवलंत तर ते विशेषण आहे आणि त्याला जीनसच्या लिंगाप्रमाणे वागावं लागतं: पुल्लिंगी-स्त्रीलिंगीला पुनेन्सिस, नपुंसकलिंगीला पुनेन्से. आपला नेहमीचा काळा मुंगळा फॅब्रिशियसनं १७८७ साली ‘फॉर्मिका कॉम्प्रेसा’ म्हणून नोंदवला. फॉर्मिका स्त्रीलिंगी. पुढे तो कॅम्पोनोटस या पुल्लिंगी जीनसमध्ये गेला आणि ‘कॉम्प्रेसस’ झाला. जीनस बदलल्याची खूण म्हणून फॅब्रिशियसचं नावही आता कंसात येतं. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं होतं त्यांना हे चटकन पटतं, बाकीच्यांना जाच वाटतो. माणसावरून ठेवायचं तर पुरुषाला शेवटी ‘आय’, बाईला ‘ई’. स्वतःचं नाव ठेवू नये. संहिता अडवत नाही, लोक हसतात. गाईडचं ठेवायचं तर गाईडला विचारा, आणि किड्याचं रूप बघून विचारा.

आता जीनस. इथे मी हात आखडता घ्यायला सांगतो. जातीबाबत निसर्गात काहीतरी पडताळता येतं: कोण कोणाशी जुगतं, कुठला गुण कुठे तुटतो. जीनसचा उंबरठा मात्र माणसाच्या मतावर असतो. एका जीनसमधल्या सगळ्या जाती एकाच पूर्वजाच्या असाव्यात आणि त्या पूर्वजाची कुठलीही शाखा बाहेर राहू नये, ही आजची किमान अट. पण ती पाळूनही मोठी एक जीनस ठेवायची की लहान पाच करायच्या, हे ठरवायला कुठलंही यंत्र नाही. पुणेकरांना डेंग्यूमुळे एडीस इजिप्टाय तोंडपाठ आहे. २००४ मध्ये एडीसच्या गटाची फाळणी सुचवली गेली आणि हा डास ‘स्टेगोमायिया इजिप्टाय’ झाला. विश्लेषण खोटं नव्हतं, पण साऱ्या जगाचे आरोग्य अहवाल, शोधनिबंध, पाठ्यपुस्तकं एडीस म्हणत होती. नियतकालिकांनी कुरकुर केली, दोन्ही नावं वर्षानुवर्षं शेजारी-शेजारी चालली, आणि २०१५ मध्ये दुसऱ्या गटानं एडीस परत मोठी केली. एनआयव्हीसारखी (राष्ट्रीय विषाणू संस्था) संस्था असलेल्या शहरात या नावाच्या येरझारा किती महागात पडतात, ते वेगळं सांगायला नको.

तुमच्या मादीवरून नवी जीनस करायची तर ती एकजातीय, म्हणजे एकच जाती असलेली, होईल. तसं करायला बंदी नाही. १९३० नंतरच्या जीनसला टाइप जाती ठरवून द्यावी लागते, ती तुमची नवी जातीच असेल. पण मग तुम्हाला दाखवावं लागेल की ही माशी जवळच्या जीनसच्या झाडाबाहेर पडते. ‘फार वेगळी दिसते’ एवढं पुरत नाही, एमेरियाही फार वेगळी दिसत होती. आणि या किड्याचं लिंग एकच हाती आहे तोवर ते दाखवता येणार नाही. तेव्हा सर्वांत जवळच्या जीनसमध्ये ठेवा आणि शंका असेल तर शंका लिहा. उद्या कोणी वेगळी काढली तरी तुमचं जातीचं नाव सोबत जाईल.

जीनसचं नाव प्राणिसृष्टीत दुसऱ्यांदा वापरता येत नाही, हेही तपासून बघा. ऑस्ट्रेलियातल्या बदकचोच्या प्राण्याला १७९९ साली ‘प्लॅटिपस’ हे जीनसचं नाव दिलं, तर ते सहाच वर्षांपूर्वी लाकूड पोखरणाऱ्या एका भुंग्याला देऊन झालेलं होतं. सस्तन प्राण्याला ऑर्निथोरिंकस व्हावं लागलं. भुंगा आजही प्लॅटिपसच आहे.

छापायचं कुठे? या कुळातली माणसं जिथे वाचतात आणि परीक्षक जिथे टाइप नमुन्यांबद्दल विचारतात तिथे. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्यांच्या नादी लागू नका. नाव भिकार ठिकाणी छापलं तरी ते कायदेशीर ठरतं आणि मग ते कायमचं गळ्यात पडतं. फक्त ऑनलाइन निघणारं नियतकालिक असेल तर पेपराची झूबँकमध्ये (प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत) नोंद आधी झालेली असायला हवी आणि तसा उल्लेख पेपरातच हवा. हे राहिलं तर संहितेच्या लेखी ते नाव धरलंच जात नाही. आणि पेपर निघेपर्यंत नवं नाव कॉन्फरन्सच्या पोस्टरवर, रीलमध्ये किंवा बातमीदाराला देऊ नका. ‘पुण्याच्या विद्यार्थिनीने शोधला दुर्मीळ कीटक’ ही बातमी नंतरही येईल. दुर्मीळ आहे हे कोणी मोजलं, हे त्यात कोणी विचारणार नाही.

किती वेळ लागेल? नमुना गोळा झाल्यापासून जातीचं वर्णन छापेपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात, असं २०१२ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. त्यातली बरीच वर्षं पिन कपाटात कुणाची तरी वाट पाहण्यात जातात. तुमचं दोन-तीन पावसाळ्यांत होऊ शकेल. तोपर्यंत बाटलीवर ‘म्युटिलिडी, मादी, जाती १’ एवढंच लिहा. माझ्याकडे असे डबे बरेच आहेत. २००४ च्या पावसाळ्यातला एक नर अजून ‘जाती १’ म्हणूनच बसला आहे, त्याची मादी मला मिळालेली नाही. तुमची मादी केस सुकवून पिनेवर लावलीत की एकदा त्याच्याशेजारी ठेवून पाहू.